सेवाव्रती गोखले यांची आफ्रिका-यात्रा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असे मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव. त्यांच्या जीवनावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. न्या. म. गो. रानडे यांचे शिष्य, फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक, वरिष्ठ कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर भाषणे करणारे मुत्सद्दी आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू ही त्यांची रूपे शाळकरी मुलांसही ठाऊक असतात. परंतु स्वदेशापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या आपल्या बांधवांसाठी याच गोखल्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेची यात्रा केली, ती मात्र चरित्रांतील एखाद्या प्रकरणात आटोपली जाते. आपण भिलाईकर मराठी माणसे स्वतःच घरापासून दूर येऊन राहिलेली आहोत. म्हणून गोखल्यांच्या चरित्रातील हेच प्रकरण आपणांस अधिक जवळचे वाटावे, अशी आमची समजूत आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. वडील कृष्णराव १८७९ साली वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी आपला संसार कसा चालविला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दुसऱ्याच्या त्यागावर आपले शिक्षण झाले आहे, ही जाणीव गोपाळरावांना जन्मभर पुरली. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. मनात आणले असते तर सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट त्यांना मोकळी होती. ती सोडून ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि दरमहा पंचाहत्तर रुपये वेतनावर सुमारे वीस वर्षे त्यांनी अध्यापन केले. १९०२ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना मिळालेली पेन्शन होती दरमहा तीस रुपयांची.

त्यांच्या घडणीतील एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे, कारण पुढील आफ्रिका-यात्रेशी त्याचा संबंध आहे. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले होते. त्या वेळी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि घरझडतीस येणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारी पुण्याहून आलेल्या पत्रांतून त्यांच्या कानी पडल्या. त्यांनी त्या तेथे जाहीर केल्या. परत आल्यावर मात्र पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यापायी स्वजनांकडून त्यांची जी निर्भर्त्सना झाली, ती एखाद्या सामान्य माणसास सार्वजनिक जीवनातून कायमचे उठविण्यास पुरेशी होती. गोखले उठले नाहीत. यापुढे जो शब्द उच्चारावयाचा तो आकड्याने व पुराव्याने तोलूनच उच्चारावयाचा, एवढा धडा त्यांनी घेतला.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजाजवळच्या टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना केली. देवधर, द्रविड आणि पटवर्धन हे तिघे त्यांच्याबरोबरचे पहिले सभासद. देशाचा विचार सर्वांत आधी करावा, सेवेतून स्वतःचा लाभ पाहू नये, जात व धर्म न पाहता सर्व भारतीयांस बंधू मानावे, समाज देईल तेवढ्यावर निर्वाह करावा आणि कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, अशा आशयाच्या प्रतिज्ञा सभासदांस घ्याव्या लागत. स्वयंसेवक हा शब्द आज आपण कार्यक्रमात खुर्च्या मांडणाऱ्या तरुणांसाठीही वापरतो. गोखल्यांच्या दृष्टीने ते आयुष्यभराचे व्रत होते. सार्वजनिक काम करणाऱ्याने संन्याशाची निरिच्छता व अभ्यासकाची चिकाटी दोन्ही अंगी बाणवावीत, अशी त्यांची धारणा होती.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. १८६० साली ट्रुरो नावाचे जहाज मद्रासहून मजूर घेऊन नाताळच्या किनाऱ्यास लागले, तेथून ही कहाणी सुरू होते. उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते. पाच वर्षांच्या करारावर, ज्यास आपल्याकडे गिरमिट म्हणत, त्यांना नेले जाई. पहिल्या वर्षी वेतन महिना दहा शिलिंग. करार मोडणे हा फौजदारी गुन्हा. १८६० ते १९११ या काळात दीड लाखांहून अधिक भारतीय स्त्री-पुरुष अशा रीतीने नाताळात गेले. आपण आज ज्या छत्तीसगडात राहतो, तेथूनही दुष्काळाच्या वर्षांत मजूर आसामच्या चहामळ्यांत असेच करारावर गेले होते आणि रत्नागिरीकडील मराठी माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली होती. तेव्हा ही हकीकत कोणा परक्यांची नाही.

करार संपल्यावर हे मजूर तेथेच शेती किंवा लहानसहान धंदा करून राहू लागले, हे गोऱ्या वसाहतवाल्यांस खपेना. म्हणून १८९५ च्या कायद्याने गिरमिटातून मुक्त होऊनही नाताळात राहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. पुढे सोळा वर्षांवरील मुले आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही तो लागू झाला. आई-बाप आणि दोन मुले अशा कुटुंबास वर्षाला बारा पौंड भरावे लागत. महिना दहा-बारा शिलिंग मिळविणाऱ्याची, म्हणजे वर्षाकाठी सहा-सात पौंडांची, ही गोष्ट आहे. कर भरणे अशक्य, म्हणून पुन्हा गिरमिट पत्करावयाचे किंवा मायदेशी परत जावयाचे. कराचा हेतूच तो होता.

बॅरिस्टर गांधी १८९३ साली तेथे गेले आणि हळूहळू या लोकांचे पुढारी झाले. १८९६ साली ते पुण्यास आले असता त्यांची व गोखल्यांची पहिली भेट झाली. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर तर गांधी सुमारे महिनाभर गोखल्यांच्याच बिऱ्हाडी राहिले. तेव्हापासून आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न गोखल्यांनी आपला मानला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी वरिष्ठ कौन्सिलात नाताळला गिरमिटिये पाठविणे बंद करावे, असा ठराव त्यांनी आणला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी गिरमिटाची सर्व पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला, तो मात्र सरकारी बहुमताने फेटाळला गेला. याच महिन्यात त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे बिलही नापास झाले. दोन पराभव पाठोपाठ आले, आणि मधुमेहाने शरीर पोखरले जात होते. अशा अवस्थेत मनुष्य विश्रांतीचा विचार करतो. गोखल्यांनी विलायतेहून दक्षिण आफ्रिकेस जाण्याचा बेत केला.

गांधी त्यांना अनेक वर्षे बोलावीत होते. गोखल्यांनी भारतमंत्र्यांस आपला बेत कळविला आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेही त्यांस पाहुणा म्हणून वागविण्याचे ठरविले. तरीही प्रवासाच्या आरंभीच रंगभेदाची चुणूक मिळाली. गोरा उतारू त्यांच्यासह एका केबिनीत राहणार नाही, तेव्हा त्यांनी जादा भाडे भरून केबिन स्वतंत्र घ्यावी, असे जहाज कंपनीकडून सांगण्यात आले. गोखल्यांनी ते मानले नाही व इंडिया ऑफिसच्या मध्यस्थीने प्रश्न मिटला. ज्या दुःखाची चौकशी करावयास ते निघाले होते, ते त्यांना बंदरावरच भेटावयास आले म्हणावयाचे!

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउनला उतरले. त्यांच्या स्वागतार्थ गांधी आणि त्यांचे जर्मन मित्र कॅलेनबॅक हजर होते. केपटाउनच्या सभेत भारतीयांबरोबर गोरे नागरिकही आले आणि सिनेटर श्राइनर यांनी अध्यक्षस्थान स्वीकारले. ज्या देशात सामान्य भारतीयास आगगाडीच्या वरच्या वर्गातून हुसकून लावीत, तेथे गोखल्यांसाठी सरकारने रेल्वेचा खास डबा दिला. तो मान आपणांस मिळत आहे, आपल्या बांधवांस नव्हे, याचे भान गोखल्यांस सतत होते. किंबरलेच्या हिऱ्यांच्या खाणी पाहून ते जोहान्सबर्गला आले. स्टेशनवर कॅलेनबॅकने आखलेली कमान उभारली होती. मानपत्र कागदावर नव्हते. तेथील खाणींतील सोन्याच्या पत्र्यावर हिंदुस्थान व सिलोन यांचा नकाशा काढून त्यावर ते कोरले होते. शहराच्या मेयरने आपली मोटार गोखल्यांच्या दिमतीस दिली. उतरण्याची व्यवस्था कॅलेनबॅकच्या टेकडीवरील घरी होती आणि भेटीगाठींसाठी शहरात वेगळे कार्यालय थाटले होते. गांधी स्वतः त्यांचे चिटणीस, स्वयंसेवक आणि परिचारक असे सर्व काही झाले होते.

गोखल्यांपाशी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते ते जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच अंगावर घेत. जोहान्सबर्गच्या मेजवानीस जाण्याच्या वेळी त्यास सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. परटाकडे पाठविण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करण्याची तयारी दाखविली. त्यांच्या वकिलीवर आपला विश्वास आहे, पण परीटपणावर नाही, अशी गोखल्यांनी त्यांची थट्टा केली आणि उपरणे बिघडले तर काय, अशी शंकाही काढली. शेवटी गांधींनी आग्रहाने इस्त्री केली आणि ती उत्तम वठली. पुण्यातील एका गुरूचे उपरणे आफ्रिकेत त्याच्या शिष्याच्या शिष्याने हातांनी सरळ केले! त्या मेजवानीस सुमारे दीडशे युरोपीय पाहुणे होते. अन्न संपूर्ण शाकाहारी होते आणि मद्याचा थेंबही नव्हता. गोऱ्या व काळ्या माणसांनी एका पंक्तीस बसून जेवावे, हीच त्या देशात केवढी नवलाची गोष्ट!

आणखी एक प्रसंग आम्हा मराठी भाषिकांस विशेष अभिमानाचा वाटतो. इंग्रजी न जाणणाऱ्या भारतीयांपुढे कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न होता. गोखल्यांची हिंदुस्थानी बेताचीच होती. केप आणि जोहान्सबर्ग येथे कोकणातून गेलेले बरेच मुसलमान व्यापारी व कामगार राहत, आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. तेव्हा गोखल्यांनी मराठीत बोलावे आणि आपण त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करू, असे गांधींनी सुचविले. गांधींना मराठीचे ज्ञान कोठून आले, असे विचारून गोखले हसले. आपणांस मराठीचा एक शब्दही बोलता येत नाही, पण परिचित विषयावरील भाषणाचा आशय आपण निश्चित ओळखू आणि चुकीचे काही सांगणार नाही, असे गांधींचे उत्तर होते. शेवटी गोखल्यांनी हार मानली. त्यानंतर थेट झांजिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीत बोलले आणि गांधींनी दुभाष्याचे काम केले. रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांसमोर रत्नागिरीच्या चित्पावनाने मराठीत बोलावे आणि गुजराती बॅरिस्टराने ते हिंदुस्थानीत सांगावे, यात जे सामंजस्य आहे ते भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या आपणांस लगेच उमगेल. तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगढी शेजाऱ्यांच्या सहवासात ज्यांनी आपली मराठी राखली, त्यांना ठाऊक आहे की स्वभाषेचे प्रेम आणि शेजारधर्म यांत विरोध नाही.

जोहान्सबर्गपासून सुमारे एकवीस मैलांवर कॅलेनबॅकच्या जमिनीवर गांधींनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी टॉलस्टॉय फार्म उभारला होता. गोखले तेथे राहावयास गेले. स्टेशनपासून दीड मैल चालावे लागले, वाटेत पाऊस आला आणि गोखल्यांना सर्दी झाली. फार्मवर सर्व जण जमिनीवरच झोपत. पाहुण्यासाठी म्हणून एक खाट आणून ठेवली होती. सर्व जण जमिनीवर निजतात हे कळताच गोखल्यांनी ती नाकारली. पाय चेपू द्यावेत म्हणून गांधी आणि कॅलेनबॅक विनवू लागले, तर कष्ट सोसावयाचे ते तुम्ही आणि सुख घ्यावयाचे ते आम्ही, असे ठरवूनच जणू तुम्ही वागता, अशा अर्थाचे खडे बोल त्यांनी सुनावले व स्वतःस हात लावू दिला नाही. चळवळीच्या थोर पुढाऱ्याने आजारी शरीराने जमिनीवर पडून रात्र काढली. अतिथी म्हणून मिळणारी सवलत सेवकाने घेऊ नये, हा दंडक त्यांनी शब्दांनी नव्हे, देहाने शिकविला.

नाताळात दरबान, पीटरमॅरिट्सबर्ग आदी ठिकाणी ते गेले. फिनिक्स येथील गांधींचा आश्रम पाहिला. जॉन ड्यूब या आफ्रिकी शिक्षणप्रसारकाच्या ओहलांगे येथील संस्थेसही त्यांनी भेट दिली, याचा उल्लेख फारसा होत नाही. तीन पौंडांचा कर भरावा लागणाऱ्या मजुरांच्या हकीकती त्यांनी समोरासमोर ऐकल्या. येथे एक गोष्ट आजच्या वाचकाने मनात ठेवावी. गोखल्यांचे कार्य आपल्या देशबांधवांपुरते मर्यादित होते. त्या भूमीचे खरे मालक असलेल्या आफ्रिकी जनतेच्या हक्कांचा प्रश्न त्यांच्या मागण्यांत नव्हता. तिला स्वतंत्र मतदानाचा अधिकार मिळावयास १९९४ साल उजाडावे लागले. थोरांचे चरित्र लिहिताना त्यांच्या काळाची मर्यादा झाकून ठेवणे हे त्यांच्यावर उपकार करणे नव्हे.

शेवटचा आणि महत्त्वाचा टप्पा प्रिटोरिया. १४ नोव्हेंबर १९१२ रोजी पंतप्रधान जनरल बोथा, जनरल स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी त्यांची भेट ठरली होती. आदली रात्र गोखल्यांनी जागून काढली आणि गांधींनाही झोपू दिले नाही. चारही वसाहतींतील भारतीयांच्या अडचणी, कायदे आणि आकडे त्यांनी गांधींकडून घोटून घेतले, कोणता प्रश्न विचारला जाईल आणि त्याला काय उत्तर द्यावे, याची उजळणी केली. १८९७ चा धडा ते विसरले नव्हते. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या तयारीचे मोल चांगले कळते. वरिष्ठांसमोर जाण्यापूर्वी टिपण तयार नसेल, तर न्याय्य बाजूही लंगडी पडते.

भेट सुमारे दोन तास चालली. गांधी स्वतःहून या बैठकीपासून दूर राहिले होते. गोखले परत आले ते समाधानाने. सारे काही ठरले आहे, काळा कायदा रद्द होईल, वंशभेदाचे बंधन स्थलांतराच्या कायद्यातून काढले जाईल आणि तीन पौंडांचा कर जाईल, तेव्हा गांधींनी वर्षभरात हिंदुस्थानात परत यावे, असे त्यांनी सांगितले. गांधींना तसा भरवसा वाटला नाही. मंत्र्यांस ते अधिक जवळून ओळखीत. पण गोखल्यांस मिळालेले वचन निष्फळ झाले तरी व्यर्थ जाणार नाही, ते मोडल्यास लढ्यास बळच येईल, असेही त्यांनी सुचविले. आमच्या खात्यात असे तोंडी आश्वासन टिकत नाही. जोवर ते लेखी येत नाही तोवर ते केवळ सौजन्य होय, असे कोणीही जुना कारकून सांगेल. गोखल्यांसारखा सूक्ष्मदर्शी माणूस हे विसरला, कारण एका सभ्य गृहस्थाचा शब्द ते स्वतःच्या शब्दाप्रमाणे समजत.

प्रिटोरियाहून निघून ते लोरेन्सो मार्क्सला जहाजावर चढले. गांधी आणि कॅलेनबॅक त्यांच्यासोबत झांजिबार व दारेसलामपर्यंत गेले. त्या प्रवासात गोखल्यांनी गांधींपुढे हिंदुस्थानातील पुढाऱ्यांच्या स्वभावाचे विश्लेषण केले आणि त्यांना मायदेशाच्या कार्यासाठी तयार केले. डिसेंबर १९१२ मध्ये गोखले मुंबईस उतरले. येथे त्यांचे स्वागत झाले, तसे टीकाही झाली. काहींच्या मते त्यांनी फार थोडे मागितले आणि नव्या स्थलांतरावरील बंधने स्वीकारली. टीकेस त्यांनी सभांतून शांतपणे उत्तर दिले.

पुढे घडले ते गांधींच्या भाकिताप्रमाणे. १९१३ साली पार्लमेंटात मंत्र्यांनी कर रद्द करण्याचे वचन दिल्याचे नाकारले. येथे गोखल्यांच्या यात्रेचे खरे फळ दिसते. तोपर्यंत सत्याग्रहाच्या मागण्यांत तीन पौंडांचा कर नव्हता, आणि गिरमिटिया मजूर लढ्यापासून दूरच होते. गोखल्यांना दिलेला शब्द मोडणे हा साऱ्या भारतीयांचा अपमान आहे, या भावनेने कराचा प्रश्न सत्याग्रहात आला आणि त्याबरोबर हजारो दरिद्री मजूरही आले. न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींत संप झाला. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी गांधी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले घेऊन ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यास निघाले. कस्तुरबांसह अनेक स्त्रिया तुरुंगात गेल्या. वल्लियम्मा ही सोळा वर्षांची तमिळ मुलगी तुरुंगातून आजारी होऊन आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. तारेने येणाऱ्या या बातम्या गोखल्यांच्या पुण्यातील बिछान्याशी पोचत होत्या.

होय, बिछान्याशी. प्रकृती खालावली होती आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी संपाची बातमी येताच गोखले उठले, निधी गोळा करू लागले, देशात जनमत जागृत केले आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्यापर्यंत प्रश्न नेला. लॉर्ड हार्डिंज यांनी मद्रासला सत्याग्रहींची बाजू घेऊन भाषण केले, ते त्या काळातील एक अपूर्व धाडस मानले जाते. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीवर गांधींनी बहिष्कार टाकला, तेव्हा गोखल्यांचे मत वेगळे होते. बहिष्कार घालू नये, असे त्यांस वाटे. तरी त्यांनी मदत थांबविली नाही. मतभेद झाला म्हणून हात काढून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सार्वजनिक कामात, मग ते देशाचे असो की मंडळाचे, हा गुण किती दुर्मीळ आहे हे सांगावयास नको.

स्वतः पुन्हा जाणे शक्य नव्हते, म्हणून गोखल्यांनी दोन इंग्रजांस पाठविले. रेव्हरंड सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन हे दोघे गोखल्यांच्या सांगण्यावरून सेवाकार्यासाठी समुद्रप्रवासास निघाले आणि २ जानेवारी १९१४ रोजी दरबानला उतरले. धक्क्यावर अँड्र्यूज यांनी गांधींचे पाय शिवले, तेव्हा तेथील गोरी मंडळी अवाक् झाली. पाहुणा म्हणून नव्हे, सेवक म्हणून परदेशी जाण्याची जी रीत गोखल्यांनी घालून दिली होती, तिचे हे दुसरे पाऊल. जून १९१४ मध्ये भारतीयांच्या दुःखनिवारणाचा कायदा मंजूर झाला. तीन पौंडांचा कर गेला आणि भारतीय विवाहांस मान्यता मिळाली. गिरमिटाची पद्धत १९१७ साली थांबविण्यात आली. १९१२ चा तो फेटाळलेला ठराव अशा रीतीने खरा झाला, पण ते पाहण्यास गोखले हयात नव्हते.

गांधी १९१४ च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिका सोडून गोखल्यांस भेटण्यास विलायतेस गेले. महायुद्ध सुरू झाल्याने गोखले पॅरिसमध्ये अडकले होते. काही काळाने ते लंडनला आले आणि तेथे भेट झाली. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधी मुंबईस उतरले. वर्षभर देश पाहावा, मगच बोलावे, असा सल्ला गोखल्यांनी त्यांस दिला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास गोखल्यांनी देह ठेवला. वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. त्या वेळी गांधी शांतिनिकेतनात होते.

या चरित्राकडे पाहताना आम्हांस वाटते की, आफ्रिकेतील त्यांचा विजय त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही, तरी तो वाया गेला नाही. मंत्र्यांनी शब्द मोडला, पण शब्द घेण्यासाठी एक आजारी माणूस हजारो मैल गेला होता, ही गोष्ट गिरमिटियांच्या झोपड्यांत पोचली. आपले कोणी तरी आले, आपले ऐकून गेले, हे त्यांच्या मनावर ठसले आणि त्या बळावर ते उठले. परमुलखात राहणाऱ्या माणसास पैशापेक्षा आणि मानपत्रापेक्षा या जाणिवेची भूक अधिक असते. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहताना जे मराठी तरुण घरदार सोडून येथे आले, त्यांना ही भूक अनुभवाने ठाऊक आहे. गणेशोत्सव असो वा आजारपण, या शहरात आपले माणूस आहे, एवढ्या जाणिवेवर एक पिढी येथे रुजली.

तेव्हा मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या तरुणांपैकी कोणी नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा सेवेसाठी परदेशी निघाले, तर त्यांनी गोखल्यांकडून तीन गोष्टी नेण्यासारख्या आहेत. जाण्यापूर्वी अभ्यास करावा, तेथे गेल्यावर जमिनीवर निजणाऱ्यांबरोबर जमिनीवर निजावे आणि परत आल्यावर त्यांस विसरू नये. ज्यांना जावयाचे नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. आपल्या सेक्टरात नव्याने येणाऱ्या कुटुंबाच्या दारी जाऊन, ते कोणत्याही प्रांताचे असो, त्यास काय हवे-नको ते विचारावे. सेवाव्रती गोखल्यांच्या स्मृतीस यापेक्षा योग्य अभिवादन आम्हांस तरी सुचत नाही.